कुलूप आणि ताळा : हिशेबाच्या माहितीचे संरक्षण

व्यापारी पेढ्या, सहकारी पतसंस्था आणि लेखापरीक्षकांची कार्यालये यांतील हिशेब गेल्या काही दशकांत वहीतून संगणकात गेले. वही कोणाच्या हाती आहे हे डोळ्यांना दिसत असे. संगणकातील हिशेब मात्र एकाच वेळी अनेकांच्या हाती असू शकतो आणि तो कोणाकोणाच्या हाती आहे याची वार्ता त्याच्या धन्यालाही नसते. यातूनच हिशेबाच्या माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा परवलीचे शब्द, सांकेतिक लेखन आणि चोरवाटा यांच्या अंगाने होते. ती आवश्यकच आहे. परंतु तेवढ्याने विषयाचे मर्म हाती येत नाही. हिशेबाचे खरे संरक्षण गुप्ततेपेक्षा स्वतंत्र पडताळणीवर अधिक अवलंबून असते. मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच दोन शब्दांत नोंदवून ठेवला आहे. तो कसा, आणि आजच्या व्यवहारात त्याचा उपयोग कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. दोन शब्द

'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल'पासून वर्णविपर्ययाने मराठीत आला. त्याचे कार्य एकच : नको त्याला आत येऊ न देणे. 'ताळा' या शब्दाचे कार्य निराळे आहे. हिंदी भाषकाला 'ताला' म्हटले की कुलूप आठवते. मराठी विद्यार्थ्याला 'ताळा' म्हटले की गुणाकार बरोबर आला किंवा नाही हे पाहण्याची रीत आठवते. 'ताळा पाहणे', 'पडताळणे', 'ताळमेळ', 'ताळेबंद' हे सारे शब्द हिशेबाच्या व्यवहारात एकाच अर्थक्षेत्रात वावरतात. एका वाटेने आलेले उत्तर दुसऱ्या वाटेने आलेल्या उत्तराशी ताडून पाहणे, हा त्या क्षेत्राचा गाभा होय.

संगणकशास्त्रात माहितीच्या संरक्षणाची तीन उद्दिष्टे मानली जातात : गोपनीयता, अविकलता आणि उपलब्धता. माहिती भलत्याने वाचू नये ही गोपनीयता. ती भलत्याने बदलू नये, बदलल्यास ते उघडकीस यावे ही अविकलता. आणि ती हवी तेव्हा योग्य माणसाला मिळावी ही उपलब्धता. यांपैकी पहिले उद्दिष्ट कुलपाचे, तर दुसरे ताळ्याचे आहे. 'सुरक्षा' या एकाच शब्दाखाली ही दोन्ही आल्यामुळे कुलूप मजबूत केले की ताळ्याचीही सोय झाली, असा समज सहज होतो. पुढे येणाऱ्या उदाहरणांवरून हा समज किती महाग पडतो हे दिसून येईल.

ताळ्यालाही मर्यादा असतात, हे मात्र प्रथमच लक्षात घेतले पाहिजे. शाळेत शिकविला जाणारा नवाचा ताळा घ्यावा. ७५४० ही रक्कम चुकून ७४५० अशी लिहिली गेली, तर दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज १६ च येते आणि ताळा बिनचूक जुळतो. अंकांची अदलाबदल या ताळ्याला दिसतच नाही. म्हणूनच दोन बेरजांतील फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, की जुना मुनीम अंक उलटसुलट पडले असावेत असे ओळखीत असे. या लहानशा उदाहरणात मोठे तत्त्व आहे. ताळा घेतला गेला एवढे पुरेसे नसते. तो मूळ आकड्याहून पुरेसा स्वतंत्र असावा लागतो.

२. गुप्त भाषेची मर्यादा

व्यवहार लपविण्यासाठी भाषा वापरण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. दलाल व सराफ यांच्या तोंडी असलेली 'नंदभाषा' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. गिऱ्हाइकासमोर भाव बोलता यावा, पण तो त्याला कळू नये, यासाठी दोनाला 'आवारू', तिनाला 'उधानू', चाराला 'पोकू', पाचाला 'मुळू' असे शब्द योजले जात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना साधी आहे. तिचे व्याकरण मराठीचेच असून केवळ संख्यावाचक शब्द बदललेले आहेत. एका माणसाने अर्थ सांगितला की सारी भाषाच उघडी पडते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात नंदभाषेची नोंद आली, तेव्हा हे गुपित छापील पानावर कोणालाही वाचण्यास मोकळे झाले.

या दुर्बलतेचे शास्त्रीय विवेचन १८८३ मध्ये ओगुस्त केरखॉफ्स यांनी केले. सैनिकी गुप्तलेखनावरील त्यांचा निबंध त्या वर्षी फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. ते सैनिक नव्हते, गणितीही नव्हते. पॅरिसच्या उच्च वाणिज्य विद्यालयात ते भाषा शिकवीत असत. गुप्तलेखनाची सारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडू नये, आणि गुप्त राहावी ती केवळ सहज बदलता येणारी किल्ली, हे त्यांचे सूत्र आजही या शास्त्रात प्रमाण मानले जाते. नंदभाषेत पद्धत हीच किल्ली होती. ती फुटली की बदलण्यासारखे काही उरत नसे.

या सूत्राशी मिळताजुळता विचार नाशिककरांच्या नित्य परिचयाच्या एका ठिकाणी पाहावयास सापडतो. नाशिकरोडच्या चलनपत्र मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरील जलचिन्ह, सुरक्षा धागा, उठावदार छपाई आणि क्रमांक ही सारी चिन्हे रिझर्व्ह बँक स्वतः जाहिरात देऊन लोकांना समजावून सांगते. नोटेचे संरक्षण ही चिन्हे लपविण्यात नाही. ती सर्वांना ठाऊक असावीत, कोणालाही तपासता यावीत आणि तरीही बनविणे अवघड असावे, यात ते आहे. नोट हातात घेणारा प्रत्येक जण तिचा ताळा घेऊ शकतो. लाखो अनोळखी हातांतून फिरणारी वस्तू विश्वसनीय राहण्याचे हेच कारण आहे.

३. वेगवेगळे हात

हिशेबाच्या क्षेत्रात ताळ्याचे सर्वांत समर्थ रूप म्हणजे कामाची विभागणी. पेशवाईतील महालांच्या कारभारात मामलतदाराच्या जोडीला दरखदार असत आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. मजुमदार हिशेब पाहून मान्य करी व मग तो फडणिसाकडे जाई. फडणीस त्यावर तारीख घाली, रोजचे टिपण ठेवी आणि कागद हुजूर दफ्तरात पोचवी. पोतनीस वसूल आणि शिल्लक रोकड यांचा हिशेब ठेवी. पैसा ज्याच्या हाती, तारीख त्याच्या हाती नाही; तारीख ज्याच्या हाती, मान्यता त्याच्या हाती नाही. हा कारभार निर्दोष होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु अफरातफर करावयाची तर अनेकांना एकत्र यावे लागेल, अशी त्याची रचना होती. फडणीस, पोतनीस, मुजुमदार ही आज आडनावे झाली आहेत. ती मूळची वेगळ्या केलेल्या अधिकारांची नावे आहेत, ही गोष्ट हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

'शिक्कामोर्तब' हा शब्दही याच परंपरेतील आहे. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, अशी रीत होती. मोर्तबामुळे त्यापुढे नवा मजकूर घुसडता येत नसे. कागदाचे बंद जेथे एकमेकांस चिकटविलेले असत त्या सांध्यांवरही शिक्के उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा जोडल्यास ते लगेच दिसे. या शिक्क्यांनी मजकूर गुप्त होत नव्हता. तो बदलला गेला नाही एवढी ग्वाही ते देत. आजची अंकीय स्वाक्षरी नेमके हेच काम करते. संपूर्ण दस्तऐवजापासून गणिताने एक लहान सार काढले जाते व ते स्वाक्षरी करणाऱ्याच्या खाजगी किल्लीने बांधले जाते. दस्तऐवजातील एक अंक बदलला तरी सार बदलते आणि स्वाक्षरी जुळत नाही. नवाच्या ताळ्याला जी अदलाबदल दिसत नाही, ती येथे सुटत नाही.

संगणकशास्त्राला ही दृष्टी हिशेबशास्त्राकडून मिळाली, हे विशेष आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत संगणक-संरक्षणाचे जे सिद्धांत मांडले गेले ते प्रामुख्याने सैनिकी गुपितांसाठी होते. कोणी काय वाचावे हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. १९८७ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी सैनिकी व व्यापारी धोरणांची तुलना करणारा निबंध सादर केला. क्लार्क संगणकशास्त्रज्ञ होते, तर विल्सन लेखापरीक्षण करणाऱ्या एका मोठ्या पेढीत काम करीत होते. व्यापारात मुख्य भय माहिती वाचली जाण्याचे नसून ती खोटी होण्याचे आहे, असे त्यांनी दाखविले. त्यावरील उपाय म्हणून दुहेरी नोंद आणि कामाची विभागणी या दोन जुन्या रीती त्यांनी संगणकीय नियमांच्या रूपात मांडल्या.

४. ताळा चुकविला तेव्हा

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही जुनी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट रोजी तिच्या ग्राहकांच्या कार्डांच्या बनावट प्रती वापरून भारताबाहेर २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२ हजार व्यवहारांनी ७८ कोटी रुपये, आणि भारतात आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवार, १३ ऑगस्ट रोजी आंतरराष्ट्रीय बँक-संदेशांच्या स्विफ्ट जाळ्यातून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण हानी ९४ कोटींहून अधिक होती.

हे कसे घडले ते समजण्यासाठी व्यवहाराचा मार्ग पाहिला पाहिजे. यंत्रात कार्ड घातले की विचारणा कार्ड-कंपनीच्या जाळ्यातून बँकेच्या 'स्विच' नावाच्या प्रणालीकडे येते. स्विच ती विचारणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीकडे नेतो. खात्यात शिल्लक आहे काय, कार्ड चालू आहे काय, हे तेथे पाहिले जाते आणि होकार वा नकार त्याच वाटेने परत जातो. हल्लेखोरांनी या वाटेवर एक तोतया स्विच उभा केला. कार्ड-जाळ्याकडून आलेल्या विचारणांना तोच परस्पर होकार देऊ लागला. मुख्य हिशेबप्रणालीला प्रश्न विचारलाच गेला नाही. ग्राहकांची खाती शाबूत राहिली, ती याच कारणाने. खतावणीला कोणी हात लावला नव्हता. खतावणीला न विचारता रोकड दिली जात होती. मुनिमाच्या आवाजात दुसऱ्याच कोणी 'देऊन टाका' म्हणावे आणि रोखपालाने पैसे मोजून द्यावेत, असाच हा प्रकार होता.

११ ऑगस्ट हा महिन्यातील दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. दिलेले होकार आणि मुख्य प्रणालीतील नोंदी यांचा मेळ कोणी तत्काळ घालणार नाही, अशी वेळ हल्लेखोरांनी साधली. ताळा स्वतंत्र हवा, तसाच तो वेळेवरही हवा, हा यातील बोध होय. या प्रकरणी पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ आरोपींना दोषी ठरविले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर झालेल्या हल्ल्यातही हेच सूत्र दिसते. न्यूयॉर्क येथील तिच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे खोटे आदेश गुरुवारी रात्री दिले गेले. शुक्रवार-शनिवार ढाक्यातील सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमधील आणि सोमवारी मनिलातील, अशी सुट्ट्यांची साखळी हल्लेखोरांनी हेरली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक संदेशाची छापील प्रत काढणारे ढाक्यातील यंत्र त्यांनी निकामी केले. कागदावरील प्रत हा त्या बँकेचा स्वतंत्र ताळा होता आणि तोच प्रथम बंद पाडला गेला. आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर मात्र वाचले; 'फाउंडेशन' या शब्दाचे चुकीचे वर्णलेखन पाहून मधल्या बँकेने विचारणा केली. सर्व यंत्रणा होकार देत असताना एका वाचकाला शब्द खटकला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना तरी उपेक्षिता येणार नाही.

५. कायद्याची दृष्टी

भारतीय कायद्याचा प्रवासही कुलपाकडून ताळ्याकडे झालेला दिसतो. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, कामाच्या ओघात कळलेली अशिलाची माहिती त्याच्या संमतीवाचून किंवा कायद्याच्या आवश्यकतेवाचून उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. हे गोपनीयतेचे बंधन होय. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीला मान्यता दिली आणि शिक्कामोर्तबाला नवे रूप मिळाले.

कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला नियम सर्वांत बोलका आहे. हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक-आज्ञावलीत प्रत्येक व्यवहाराचा आणि त्यात झालेल्या प्रत्येक बदलाचा तारखेसह माग राहिला पाहिजे आणि तो माग बंद करता येता कामा नये, असे हा नियम सांगतो. लेखापरीक्षकाने त्याविषयी आपल्या अहवालात विधानही करावयाचे असते. जुन्या वहीत चुकलेली रक्कम खोडून टाकीत नसत. वाचता येईल अशी आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहीत. खाडाखोड दिसली की वहीविषयी संशय येई. संगणकात खोडल्याची खूणच राहत नव्हती. ती खूण या नियमाने परत आणली.

२०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. माहिती ज्याची, तो तिचा स्वामी आणि ती बाळगणारा केवळ विश्वस्त, ही या कायद्यामागील कल्पना आहे. वाजवी संरक्षण न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत.

नाशिकला विश्वस्ताची ही कल्पना परकी नाही. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या कुळांची नामावळी पिढ्यान् पिढ्या सांभाळीत आले आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते. तीत पूर्वजांच्या भेटीची नोंद, पुष्कळदा त्यांच्याच हस्ताक्षरात, सापडते. वही उपाध्यायांची, परंतु तीतील माहिती यजमानाच्या कुळाची आणि एका ठराविक प्रयोजनासाठी दिलेली, ही जाणीव त्या व्यवहाराच्या मुळाशी आहे. नवा कायदा हिशेबलेखकाकडून याच जाणिवेची अपेक्षा करतो.

६. कार्यालयातील आचरण

नाशिकमधील एखाद्या मध्यम लेखापरीक्षण कार्यालयाची कल्पना करावी. लासलगाव-पिंपळगावचे कांदा व्यापारी, दिंडोरी-निफाडचे द्राक्ष निर्यातदार, अंबड-सातपूरचे लहान कारखानदार, दोन-तीन पतसंस्था, असे त्याचे अशील. त्यांचे आधार व पॅन क्रमांक, बँक-खाती, विवरणपत्रे आणि पुष्कळदा अंकीय स्वाक्षरीची उपकरणेही तेथे असतात. मोठ्या बँकेला जे भय आहे तेच या कार्यालयालाही आहे. फरक केवळ प्रमाणाचा. वरील विवेचनातून त्याच्यासाठी पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अंकीय स्वाक्षरीची. अशिलाचे उपकरण आणि त्याचा परवलीचा क्रमांक कार्यालयाच्या एकाच खणात राहत असेल, तर मुद्रा आणि मोर्तब दोन्ही कारकुनाच्या हाती दिल्यासारखे होते. स्वाक्षरी अशिलाची असली तरी तिचा अर्थ संपतो. उपकरण अशिलाकडेच असावे, हे सोयीचे नसले तरी योग्य आहे.

दुसरी गोष्ट बँक-खात्यातील बदलाची. 'आमचे खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी' असा ईमेल माल पुरविणाऱ्याच्या नावाने येतो आणि रक्कम भलतीकडे जाते. ईमेलमध्ये दिलेल्याच दूरध्वनी क्रमांकावर खात्री करणे म्हणजे तोतया स्विचलाच प्रश्न विचारणे होय. खात्री करावयाची ती आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर. लेखापरीक्षणाचे मानक ५०५ बाहेरून मागविलेल्या पुष्टीपत्रांविषयी असून त्यातही हेच तत्त्व आहे : पुष्टीपत्रांचे नियंत्रण लेखापरीक्षकानेच आपल्या हाती ठेवावयाचे असते.

तिसरी गोष्ट वेगवेगळ्या हातांची. सर्व कर्मचाऱ्यांनी एकच नाव व एकच परवलीचा शब्द वापरला, तर बदलांचा माग राहूनही तो कोणाचा हे कळत नाही. प्रत्येकाचे नाव स्वतंत्र असावे. रक्कम भरणारा आणि ती मंजूर करणारा निराळा असावा. विवरणपत्रांच्या अखेरच्या तारखा जवळ आल्या की ही शिस्त प्रथम सुटते, आणि फसवणूक करणाऱ्यांना त्या तारखा चांगल्या ठाऊक असतात.

चौथी गोष्ट प्रतींची. खंडणीसाठी हिशेब कुलूपबंद करणाऱ्या घातक आज्ञावली जाळ्यात जोडलेल्या प्रतींनाही ग्रासतात. म्हणून एक प्रत जाळ्यापासून सुटी ठेवावी आणि ती उघडून हिशेब खरोखर परत उभा राहतो काय, हे वेळोवेळी पाहावे. न तपासलेली प्रत हा न घेतलेला ताळाच होय.

पाचवी गोष्ट वेळेची. अपराध घडल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी थोपविण्याची शक्यता राहते. ठराविक प्रकारच्या घटना सहा तासांच्या आत राष्ट्रीय संगणक आपत्कालीन पथकास कळविण्याचे बंधन संस्थांवर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. बदनामीच्या भयाने घटना दडविणे हा पुन्हा कुलपावरच विसंबण्याचा प्रकार आहे.

सारांश, कुलूप आवश्यक आहे, परंतु ते कधीतरी उघडले जाईल असे धरूनच हिशेबाची रचना केली पाहिजे. दुहेरी नोंद, निराळे हात, बाहेरून मिळविलेली पुष्टी आणि न पुसला जाणारा माग या साऱ्या हिशेबशास्त्राच्या जुन्या ठेवी आहेत. संगणकतज्ज्ञाकडून त्या उसन्या घेण्याचे कारण नाही. संगणक आल्यामुळे काम जलद झाले आणि या पायऱ्या वेळखाऊ वाटू लागल्या. कॉसमॉस बँकेच्या प्रकरणात जी गाळली गेली ती अशीच एक पायरी होती : खतावणीला विचारणे. वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात माहितीचे संरक्षण हा विषय शिकविताना त्याची सुरुवात परवलीच्या शब्दापासून न करता ताळ्यापासून केली, तर विद्यार्थ्याला तो आपल्याच शास्त्राचा भाग वाटेल आणि कार्यालयात बसल्यावर तो त्याच्या हातून आचरलाही जाईल.